कासच्या पठारावर युनेस्कोचा हुकूम चालतो का?

जावळी, पाटण, महाबळेश्वर भागात कुणाची बांधकाम परवानगी अडकली, रस्त्याचं रुंदीकरण थांबलं किंवा एखाद्या रिसॉर्टला नोटीस आली, की पहिलं बोट युनेस्कोकडे जातं. "जागतिक वारसा झाला आणि आमचं गाव गेलं," हे वाक्य कास ते बामणोली रस्त्यावर कुठेही ऐकायला मिळेल. गेल्या दोनेक वर्षांत त्याला एका मागणीची जोड मिळाली आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांनी संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक आरोग्य संघटनेला आपल्या हद्दीत बंदी घालणारे कायदे केले, मग महाराष्ट्र विधानसभेनं तसा कायदा का करू नये?

मागणीमागची भावना खोटी नाही. आपल्या जमिनीबद्दलचा निर्णय कुठल्या तरी परक्या शहरात होतो, ही भीती कुणालाही अस्वस्थ करेल. पण परकी संस्था गावापर्यंत नेमकी कुठल्या वाटेनं पोहोचते हे आधी पाहिलं नाही, तर कायदा भलतीकडेच होतो आणि तक्रार तशीच राहते.

आधी त्या अमेरिकी कायद्यांमध्ये काय आहे ते बघू. लुइझियानानं २०२४ मध्ये कायदा केला: जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक आर्थिक मंच यांना राज्यात कसलाही अधिकार नाही, त्यांचा नियम, कर, शुल्क किंवा आदेश राज्यानं किंवा राज्यातल्या कुठल्याही स्थानिक संस्थेनं राबवायचा नाही. ओक्लाहोमानंही त्याच वर्षी असाच कायदा केला. यातला जागतिक आर्थिक मंच ही तर सरकारांची संघटनाही नाही. ती स्वित्झर्लंडमधली खासगी संस्था आहे, परिषदा भरवते, अहवाल काढते. तिला अमेरिकेच्या कुठल्याच राज्यात कधी अधिकार नव्हता. अलाबामानं २०१२ मध्ये 'अजेंडा २१' विरुद्ध कायदा केला होता, आणि अजेंडा २१ हा १९९२ च्या रिओ परिषदेतला, कुणावरही बंधनकारक नसलेला कृती आराखडा आहे. ओक्लाहोमाचा याआधीचा प्रयत्न २०१० चा. राज्यातल्या न्यायालयांनी आंतरराष्ट्रीय कायदा आणि शरियत विचारात घेऊ नये अशी घटनादुरुस्ती तिथं सार्वमतानं झाली. संघीय न्यायालयानं ती आधी रोखली आणि २०१३ मध्ये कायमची थांबवली, कारण तिनं एका धर्माला वेगळं काढलं होतं.

या सगळ्यांत फ्लोरिडाचा २०२३ चा कायदा मला सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला वाटतो. आरोग्य संघटनेला हाकलण्याची भाषा त्यात नाही. राज्यातल्या सरकारी कार्यालयांनी आणि शिक्षणसंस्थांनी आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं परस्पर लागू करू नयेत, राज्याच्या कायद्यानं, नियमानं किंवा राज्यपालांच्या आदेशानं ती स्वीकारली असतील तरच राबवावीत, एवढंच तो सांगतो. म्हणजे बंधन आपल्याच अधिकाऱ्यांवर आहे. राज्याला तसं करता येतं, आणि म्हणून तो कायदा न्यायालयात टिकण्याजोगा आहे.

अमेरिकेत राज्य विरुद्ध आंतरराष्ट्रीय करार या वादाची हद्द दोन खटल्यांनी आखून दिली आहे. स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणासाठी अमेरिकेनं १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीनं ब्रिटनशी करार केला आणि १९१८ मध्ये काँग्रेसनं त्याचा कायदा केला. मिसुरी राज्य म्हणालं, आमच्या आकाशातले पक्षी आमचे. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याचं म्हणणं फेटाळलं. दुसरा खटला बरोबर उलटा. मेक्सिकोच्या नागरिकांना अटकेनंतर वकिलातीशी संपर्क करू दिला नाही, म्हणून त्यांच्या शिक्षांचा फेरविचार करा, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००४ मध्ये दिला. राष्ट्राध्यक्षांनीही राज्यांना तसं कळवलं. टेक्सासनं नकार दिला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टेक्सास जिंकलं, कारण तो निकाल देशात लागू करणारा कायदा काँग्रेसनं केलाच नव्हता. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरला तो देशाच्या कायदेमंडळानं केलेला किंवा न केलेला कायदा. परकी संस्था किती बलवान आहे याचा हिशेब कुणी केला नाही.

आपल्याकडे हे आणखी स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत १२ वी नोंद संयुक्त राष्ट्रांची, १३ वी आंतरराष्ट्रीय परिषदा आणि संस्थांमधल्या सहभागाची व त्यांचे निर्णय अमलात आणण्याची, १४ वी करारांची. या विषयांवर राज्य विधिमंडळाला कायदा करताच येत नाही. त्यावर अनुच्छेद २५३ आहे: करार किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेतला निर्णय राबवण्यासाठी संसद कुठल्याही विषयावर संपूर्ण देशासाठी कायदा करू शकते, मग तो विषय शेती, पाणी, सार्वजनिक आरोग्य असा एरवी राज्याचा असला तरी. 'संयुक्त राष्ट्रांना महाराष्ट्रात अधिकार नाही' असं एका ओळीचं विधेयक मुंबईत मंजूर झालं, तरी ते पहिल्याच याचिकेत पडेल. विधानसभेचा ठराव मात्र कुठल्याही विषयावर करता येतो. त्याला कायद्याचं बळ नसतं, पण दिल्लीपुढं म्हणणं मांडायला तो चालतो.

याची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. भारत सरकारनं करारावर सही केली म्हणून तो करार आपोआप देशाचा कायदा होत नाही. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्वच्छ सांगितलं. तुमचा हक्क काढून घ्यायचा असेल तर इथलाच कायदा लागतो. न्यायालयं कराराचा आधार घेतात ते कायद्यात जागा रिकामी असेल तिथं, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालात घेतला तसा. पण युनेस्कोचं पत्र दाखवून कुणाचं बांधकाम पाडता येत नाही.

आता कास. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली चार राज्यांतली ३९ ठिकाणं मिळून एक जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. त्यात महाराष्ट्राची चार: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. नोंदीचा आधार १९७२ चा जागतिक वारसा करार. त्याच्याच सहाव्या कलमात लिहिलंय की वारसा ज्या देशात आहे त्याच्या सार्वभौमत्वाचा पूर्ण आदर राखला जाईल आणि तिथल्या कायद्यानं दिलेल्या मालमत्तेच्या हक्कांना बाध येणार नाही. युनेस्कोकडे एक गुंठाही जमीन येत नाही. तिच्या हाती दोनच गोष्टी: ठिकाण 'धोक्यातील वारसा' यादीत टाकणं, आणि शेवटी यादीतून काढणं.

हंपीचं पाहा. आनेगुंदीजवळच्या पुलामुळं १९९९ मध्ये हंपी धोक्याच्या यादीत गेली, २००६ मध्ये बाहेर आली. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराची गोष्ट याहून बोलकी आहे. एल्बे नदीवर नवा पूल हवा की नको यावर २००५ मध्ये तिथं सार्वमत झालं, लोकांनी पूल मागितला. युनेस्कोनं इशारा दिला, शहराच्या नगरपालिकेनंच काम थांबवायचा प्रयत्न केला, प्रकरण न्यायालयात गेलं. २००७ मध्ये जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयानं सार्वमताच्या बाजूनं कौल राहू दिला. २००९ मध्ये ड्रेस्डेन वारसा यादीतून बाहेर काढलं गेलं, २०१३ मध्ये पूल वाहतुकीला खुला झाला. युनेस्कोची ताकद एवढी. तिचं नाव गेलं तर पर्यटनाचं आणि प्रतिष्ठेचं नुकसान होतं, ते मोठंच आहे, पण ती शिक्षा म्हणजे हुकूम नव्हे.

मग कासला अडवतं कोण? पठाराचा बराच भाग राखीव वन आहे, तिथं भारतीय वन अधिनियम १९२७ आणि वनसंवर्धन कायदा १९८०. कोयना-चांदोलीत वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. खासगी जमिनीवरच्या बांधकामाला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, दोन्ही १९६६ चे. महाबळेश्वर-पाचगणीला जानेवारी २००१ ची पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना, म्हणजे वारसा नोंदीच्या ११ वर्षं आधीची. नोटीस हातात आली की तिच्या वरच्या परिच्छेदात कलम लिहिलेलं असतं, तेवढं वाचलं तरी युनेस्को कुठेच नाही हे कळतं. प्रतापगडही जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून यादीत आला. तो राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे होता आणि आजही त्यांच्याकडेच आहे. गडाभोवतीचं बफर क्षेत्र नकाशावर दाखवलं ते भारतानं पाठवलेल्या प्रस्तावात. त्यावर आक्षेप असेल तर तो मुंबई आणि दिल्लीकडे न्यावा लागेल, पॅरिसला युनेस्कोच्या मुख्यालयात पत्र पाठवून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा होतो. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात सहा राज्यांतलं ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यात महाराष्ट्राचं १७ हजार ३४०. हा मसुदा निघाला तो पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली. हा कायदा संसदेनं अनुच्छेद २५३ वापरूनच केला, १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतले निर्णय राबवण्यासाठी. हवा प्रदूषणाचा १९८१ चा कायदाही तसाच. पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा मात्र वेगळ्या रस्त्यानं आला: राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, मग संसदेनं अनुच्छेद २५२ खाली कायदा केला. त्यात बदल करायचा तर राज्यांची संमती पुन्हा लागते. १९८६ च्या कायद्यात तशी संमती लागत नाही. परिषद स्टॉकहोमला झाली, पण अधिकार दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाकडे आला, हे एकदा लक्षात आलं की कुणाकडे काय मागायचं तेही कळतं.

या मसुद्यावर गावानं काय करायचं हेही सांगायला हवं, कारण इथंच सर्वांत जास्त चुका होतात. नियमानुसार मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत हरकती द्यायच्या असतात. अंतिम अधिसूचना ७२५ दिवसांत निघाली नाही तर मसुदा व्यपगत होतो आणि नवा काढावा लागतो. म्हणून तर २०१४ पासून एकामागून एक सहा मसुदे आले. प्रत्येक नव्या मसुद्याला नवी हरकत लागते, मागच्या वेळी दिली होती म्हणून भागत नाही.

बहुतेक ग्रामसभा 'युनेस्को आणि गाडगीळ-कस्तुरीरंगन अहवालाचा (म्हणजे पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी नेमलेल्या दोन समित्यांच्या अहवालांचा) निषेध' असा ठराव करतात आणि तो तहसीलदारांना देतात. मंत्रालयाच्या हरकतींच्या छाननीत अशा ठरावाला काही वजन नसतं. ठरावात मसुद्याचा क्रमांक आणि तारीख हवी, गावाचं नाव परिशिष्टात ज्या अनुक्रमांकावर आहे तो हवा, गट क्रमांक हवेत, आणि कुठलं निर्बंधाचं कलम कुठल्या गटाला का लागू होऊ नये ते हवं. गावठाण, पिकाखालची जमीन आणि जंगल यांचं क्षेत्र सातबारा आणि गाव नमुन्यांवरून वेगवेगळं दाखवा. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. सभा गणपूर्तीअभावी तहकूब होऊन पुन्हा घेतली असेल तर तसं इतिवृत्तात नोंदवा, नाहीतर ठरावावरच प्रश्न उभा राहतो. मूळ प्रत मसुद्यात दिलेल्या दिल्लीच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर, प्रती राज्याच्या पर्यावरण विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घ्या. शेतकऱ्यांनी आपापल्या गटासाठी वेगळी हरकत दिली तर आणखी चांगलं.

कोरोनाच्या काळात आरोग्य संघटनेबद्दल असाच समज पसरला. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात रुग्णांचा समूह सापडला, गल्ल्या सील झाल्या. सही होती जिल्हा प्रशासनाची. कायदे होते साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांखाली संघटना ज्या तात्पुरत्या शिफारशी देते त्या व्याख्येनंच बंधनकारक नसतात. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या महासाथ करारातही स्पष्ट कलम आहे की संघटनेच्या सचिवालयाला कुठल्याही देशाला टाळेबंदी, लसीकरण किंवा प्रवासबंदीचा आदेश देता येणार नाही.

आता सांगली-सातारच्या ऊसवाल्यांचा विषय, कारण इथं बाहेरच्या संस्थेचा दाब खरोखर आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलनं निकाल दिला की २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्के मर्यादेपेक्षा जास्त होता. त्यात केंद्राची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, धरली गेली आणि उत्तर प्रदेशासारख्या राज्यांनी स्वतः जाहीर केलेले ऊसदरही. हिशेबाची गोम अशी की तुलनेसाठीची बाहेरची किंमत १९८६-८८ ची गोठवलेली आहे. साडेतीन दशकांची महागाई गिळून हिशेब केला तर आपला कुठलाही हमीभाव अवाढव्यच दिसणार. हा अन्याय आहे आणि भारतानं तो मंचावर मांडत राहिलंच पाहिजे.

पण म्हणून कराडच्या किंवा वाळव्याच्या कारखान्याला व्यापार संघटनेचं जिनिव्हाहून पत्र येत नाही. भारतानं जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद आहे, त्यामुळं निकाल लटकलेला आहे. उद्या तो कायम झाला तरी शिक्षा म्हणजे तक्रारदार देश आपल्या मालावर वाढीव शुल्क लावू शकतील. राज्यानं स्वतंत्र कायदा केला तरी सुटका नाही, कारण व्यापार करारात राज्यांच्या उपायांचं उत्तरही केंद्रालाच द्यावं लागतं. एफआरपी १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातून येते. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, १४ दिवसांत द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ती थकते तेव्हा कारण व्यापार संघटना नसतं. अर्ज साखर आयुक्तांकडे करायचा असतो.

तासगाव-मिरजेच्या द्राक्षांनाही तसंच. फळात औषधाचा किती अंश उरलेला चालेल याची युरोपची मर्यादा हा युरोपचा स्वतःच्या बाजारासाठीचा कायदा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळं भारतीय द्राक्षं तिकडं अडकली, तेव्हा आपल्या कुठल्याही विधानसभेला त्यात काही करता आलं नसतं. माल परत येऊ नये म्हणून उपाय बागेतच असतो: छाटणीपासूनची फवारणी नोंदवही, औषधाचा काढणीपूर्व कालावधी, आणि काढणीआधी प्रयोगशाळेत तपासणी.

बाहेरच्या संस्थेची अट अगदी गावाच्या बांधापर्यंत येते ती कर्जातून. राज्य सरकार परदेशातून थेट कर्ज घेऊ शकत नाही. अनुच्छेद २९३ राज्याला भारताच्या हद्दीतच कर्ज काढू देतो. म्हणून जागतिक बँकेचा कर्जकरार केंद्राच्या आर्थिक व्यवहार विभागाशी होतो आणि राज्य वेगळ्या प्रकल्प करारावर सही करतं. कृष्णाकाठच्या पूरनियंत्रणाच्या कामांसाठी असा निधी येतो तेव्हा भूसंपादन, निविदा, सल्लागारांच्या नेमणुका, यांच्या अटी या दुसऱ्या कागदात असतात. विधानसभेत त्यावर बोललं जातं ते फार फार तर अर्थसंकल्पातल्या एका आकड्यापुरतं.

माझं मत असं की राज्याला कायदा करायचाच असेल तर तो इथं करावा. प्रकल्प करार सही होण्याआधी किमान ३० दिवस मराठीत प्रसिद्ध करायचा आणि विधिमंडळाच्या पटलावर ठेवायचा. परकीय किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेशी कुठल्याही विभागाचा सामंजस्य करार संकेतस्थळावर टाकल्याशिवाय अमलात आणायचा नाही. आणि फ्लोरिडासारखं एक कलम: बाहेरची मार्गदर्शिका शासन निर्णयाशिवाय जिल्हा पातळीवर लागू करायची नाही. ही तिन्ही कलमं राज्य स्वतःच्या यंत्रणेवर घालत असल्यानं संघसूचीला धक्का लागत नाही.

बँकेची अट नेहमी गावाच्या विरोधातच असते असंही समजू नये. सरदार सरोवराच्या वेळी स्वतंत्र समितीनं १९९२ मध्ये पुनर्वसनावर ताशेरे ओढले आणि मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज रद्द झालं. त्याच वर्षी बँकेनं तपासणी पॅनेल नेमलं. प्रकल्पबाधितांपैकी किमान दोघं मिळून तिथं तक्रार करू शकतात, शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. बँकेच्या सामाजिक निकषांत जमिनीची भरपाई बदली किमतीनं, घसारा न कापता आणि ताबा घेण्याआधी द्यावी लागते. 'बँकेला आमच्या राज्यात अधिकार नाही' असा कायदा झाला, तर काठावरच्या शेतकऱ्याच्या हातातलं हे हत्यार आधी जाईल. न्यायालयाचा रस्ता त्यामानानं फार अवघड. गुजरातमधल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी बँकगटातल्याच वित्त महामंडळाविरुद्ध अमेरिकेत दावा लावला, २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशा संस्थांना संपूर्ण संरक्षण नाही असा ऐतिहासिक निकालही दिला, आणि तरीही पुढच्या फेरीत २०२१ मध्ये ते हरले. प्रकरणाचा गाभा अमेरिकेत घडलेला नाही, हे कारण ठरलं.

तोवर गावाच्या हाती काय? जो अधिकारी 'आंतरराष्ट्रीय नियमामुळं' म्हणेल त्याला कायदा, कलम, अधिसूचनेचा क्रमांक आणि सही करणाऱ्याचं पद लेखी विचारा. तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. कासबद्दल अर्ज उपवनसंरक्षक, सातारा यांच्याकडे, प्रतापगडच्या बफरबद्दल पुरातत्त्व संचालनालयाकडे. वारसा प्रस्ताव आणि नकाशे युनेस्कोच्या संकेतस्थळावर आधीपासूनच खुले असतात, ते छापून ग्रामपंचायतीत लावता येतील.

आणि जैवविविधता समिती जागी करा. १९९२ च्या जैवविविधता करारामुळं २००२ चा कायदा आला, आणि त्याच्या कलम ४१ नं प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती बसवली. बहुतेक ठिकाणी ती फक्त कागदावर आहे. गावातल्या वनस्पती-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही तिनं लिहून पूर्ण करायची असते. हद्दीतून हिरड्यासारखा वनोपज व्यापारासाठी नेणाऱ्याकडून संकलन शुल्क घेण्याचा अधिकार या समितीला आहे.  नरक्या या औषधी झाडाची चोरटी तोड पाटणच्या डोंगरात झाली आहे, त्यामुळं नोंदवहीत अशा प्रजातींची ठिकाणं सरसकट उघडी लिहू नयेत, ती समितीच्या बंद नोंदीत ठेवावीत. शुल्काचा दर समितीच्या बैठकीत ठरवा, इतिवृत्तात घ्या, राज्य जैवविविधता मंडळाला कळवा आणि पावतीपुस्तक छापून घ्या.